भाडे थकले, नोटीस आली

दिल्लीत येऊन राहणाऱ्या मराठी माणसाचा या शहराशी पहिला करार होतो तो घरमालकाशी. पहाडगंज आणि करोल बाग या भागांत दोन-दोन पिढ्या काढलेली कुटुंबे, सरकारी कचेऱ्यांतले अधिकारी आणि कारकून, सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागातून सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेले गलाई व्यावसायिक, राजेंद्रनगर किंवा मुखर्जीनगरातल्या एखाद्या खोलीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले, या सर्वांची स्थिती निरनिराळी असली तरी एका बाबतीत ती समान आहे. डोक्यावरचे छप्पर दुसऱ्याच्या मालकीचे असते आणि महिन्याच्या महिन्याला त्याचे मोल चुकवावे लागते. घर पाहावे बांधून, अशी आपल्याकडे म्हण आहे. दिल्लीपुरते बोलायचे तर घर पाहावे भाड्याने घेऊन, असेच म्हणावे लागेल.

हे मोल चुकविण्यात कधी खंड पडतो. नोकरी सुटते, घरात आजारपण येते, गावी लग्नकार्य निघते, दोन-तीन महिन्यांचे भाडे तुंबते आणि एके दिवशी टपालाने वकिलाची नोटीस येते. ‘अमुक मुदतीत सर्व थकबाकी भरावी, अन्यथा घराचा ताबा घेण्यासाठी योग्य ती कारवाई करण्यात येईल,’ असा तिचा सर्वसाधारण मजकूर असतो. हा कागद हाती पडताच माणसे तीन प्रकारांनी वागताना दिसतात. कोणी घाबरून सामानाची बांधाबांध करू लागतात. कोणी ‘पाहू पुढे’ म्हणून कागद कपाटात टाकतात. कोणी तर पाकीट घेण्याचेच नाकारतात आणि आपण मोठी हुशारी केली, असे समजतात. हे तिन्ही मार्ग चुकीचे आहेत. ते चुकीचे का, हे समजण्यासाठी ही नोटीस म्हणजे नेमके काय आणि कायद्याने तिला कोणते स्थान दिले आहे, ते पाहिले पाहिजे.

दिल्लीतील भाडेनियंत्रणाचा उगम दुसऱ्या महायुद्धात आहे. युद्धकाळात राजधानीत माणसांची गर्दी झाली, घरे अपुरी पडू लागली आणि १९३९ साली नव्या दिल्लीपुरता भाडेनियंत्रणाचा आदेश काढण्यात आला. पुढे १९४७ साली या विषयाचा स्वतंत्र कायदा झाला. त्याच वर्षी फाळणी झाली आणि पश्चिम पंजाबातून निर्वासितांचे लोंढे दिल्लीत येऊन थडकले. १९४१ च्या शिरगणतीत दिल्ली प्रांताची लोकसंख्या सव्वानऊ लाखांच्या आत होती. १९५१ मध्ये ती साडेसतरा लाखांच्या घरात गेली. त्यांपैकी सुमारे पाच लाख लोक निर्वासित होते. घर मागणारे दुप्पट आणि घरे जवळपास तेवढीच, अशा स्थितीत मालक मागेल ते भाडे आणि मालक म्हणेल तेव्हा घर खाली, हा व्यवहार मोकळा सोडणे कोणत्याही सरकारला शक्य नव्हते. १९५२ साली नवा कायदा आला. त्याच्या जागी ‘दिल्ली भाडेनियंत्रण अधिनियम, १९५८’ आला आणि ९ फेब्रुवारी १९५९ पासून अंमलात आला. अनेक दुरुस्त्यांसह तोच कायदा दिल्लीत चालू आहे. १९९५ साली संसदेने त्याच्या जागी दुसरा कायदा संमत केला आणि त्याला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. परंतु जुन्या भाडेकरू व्यापाऱ्यांचा विरोध इतका तीव्र होता की, तो अंमलात आणण्याची अधिसूचना निघालीच नाही.

या कायद्याचे मर्म त्याच्या चौदाव्या कलमात आहे. इतर कोणत्याही कायद्यात अथवा करारात काहीही लिहिलेले असो, भाडेकरूकडून ताबा काढून घेण्याचा हुकूम होणार नाही, असे ते कलम प्रथम सांगते आणि त्यानंतर ज्या कारणांसाठी असा हुकूम होऊ शकतो, ती कारणे मोजून देते. त्यांतील पहिलेच कारण थकलेल्या भाड्याचे आहे. मात्र भाडे थकले एवढ्याने हे कारण पूर्ण होत नाही. घरमालकाने थकबाकीची मागणी करणारी लेखी नोटीस भाडेकरूवर रीतसर बजावली पाहिजे, आणि ती बजावल्यापासून दोन महिन्यांच्या आत भाडेकरूने कायदेशीररीत्या वसूल होण्याजोगी सर्व थकबाकी दिलेली नसली पाहिजे किंवा देऊ केलेली नसली पाहिजे. या दोन्ही गोष्टी घडल्या, तरच मालकाला भाडेनियंत्रकापुढे अर्ज करण्याचे कारण प्राप्त होते.

म्हणजे नोटीस हा घर सोडण्याचा हुकूम नव्हे. ती एक मुदत आहे, आणि ती मुदत कायद्याने भाडेकरूच्या हितासाठी ठेवलेली आहे. नोटिशीत ‘सात दिवसांत पैसे भरा’ असे लिहिले असले, तरी कायद्याची दोन महिन्यांची मुदत वकिलाच्या लेखणीने कमी होत नाही. घाबरून बांधाबांध करणारा भाडेकरू जो हक्क सोडून देतो, तो हाच. नोटीस कपाटात टाकणारा मात्र तोच हक्क दुसऱ्या रीतीने गमावतो. साठ-एकसष्ट दिवस पाहता पाहता निघून जातात, आणि ते उलटल्यावर मालकाची बाजू आपोआप भक्कम होते.

तिसरा, पाकीट नाकारणारा, तर सर्वांत अधिक फसतो. ही नोटीस मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या १०६ व्या कलमातील रीतीने बजावायची असते. ती लेखी आणि सहीची असावी, टपालाने पाठवावी किंवा भाडेकरूच्या, त्याच्या कुटुंबीयाच्या अथवा नोकराच्या हाती द्यावी आणि तसे करणे शक्य नसल्यास घराच्या ठळक भागी चिकटवावी, अशी ती रीत आहे. योग्य पत्त्यावर रजिस्टर टपालाने गेलेले पाकीट घेण्यास नकार दिला, तर नोटीस बजावली गेली असे मानले जाते. इतकेच नव्हे, तर तिच्यातील मजकूरही नकार देणाऱ्यास माहीत होता असे गृहीत धरले जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ च्या एका निर्णयात सांगितले आहे. रजिस्टर टपालाची सेवा २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाली, पण तत्त्व बदललेले नाही. पोस्टमनाला परत पाठविल्याने दोन महिन्यांचे घड्याळ थांबत नाही. उलट ते चालू झाले आहे, याचाच भाडेकरूला पत्ता लागत नाही.

आता हिशोबाकडे वळावे. भाडे केव्हा देय होते, हे करारात ठरलेले असल्यास त्याप्रमाणे चालावे. तसे ठरलेले नसेल, तर महिन्याचे भाडे पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत द्यावे, असे सव्विसावे कलम सांगते. उशीर झाल्यास त्यावर दरसाल दर शेकडा पंधरा रुपये या दराने सरळ व्याज द्यावे लागते. ही व्याजाची तरतूद १९८८ च्या दुरुस्तीने आली. उदाहरणार्थ, करोल बागेतील एका जुन्या इमारतीत राहणाऱ्या कुटुंबाचे भाडे दरमहा बाराशे रुपये आहे आणि फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांचे भाडे थकले आहे, असे समजू. २० जून रोजी नोटीस हाती पडली. दोन महिन्यांची मुदत २० ऑगस्टला संपेल. कुटुंबाने १५ जुलै रोजी पैसे भरण्याचे ठरविले. मूळ थकबाकी चार हजार आठशे रुपये. बाराशे रुपयांवर महिन्याचे व्याज पंधरा रुपये होते. फेब्रुवारीचे भाडे १५ मार्चला देय होते, म्हणून त्यावर चार महिन्यांचे साठ रुपये. मार्चच्या भाड्यावर तीन महिन्यांचे पंचेचाळीस, एप्रिलच्या भाड्यावर तीस आणि मेच्या भाड्यावर पंधरा. एकूण व्याज दीडशे रुपये. म्हणजे चार हजार नऊशे पन्नास रुपये झाले. त्याच दिवशी जूनचे भाडेही देय झालेले आहे. ते बाराशे रुपये धरून सहा हजार एकशे पन्नास रुपये चुकते केले, की या नोटिशीवर मालकाला ताबा मागण्याचे कारण उरत नाही. नोटिशीनंतर चढलेले भाडे बाजूला ठेवून फक्त जुनी बाकी भरण्याची काटकसर करू नये. पुढच्या तंट्याचे बीज तिच्यातच असते.

थकबाकी ‘कायदेशीररीत्या वसूल होण्याजोगी’ असली पाहिजे, या शब्दांनाही अर्थ आहे. १९६३ च्या मुदत अधिनियमाप्रमाणे थकलेल्या भाड्याच्या वसुलीची मुदत तीन वर्षांची आहे. आठ-दहा वर्षांपूर्वीचा एखादा जुना हिशोब उकरून काढून नोटिशीत घातला असेल, तर मुदतीबाहेरची ती रक्कम भरली नाही म्हणून घर जाऊ शकत नाही. परंतु आकडा फुगवलेला आहे, तेव्हा सारी नोटीसच रद्द झाली, असाही समज करून घेऊ नये. जेवढी रक्कम खरोखर देणे आहे, तेवढी मुदतीत द्यावी आणि उरलेल्या रकमेबद्दलचा आक्षेप लेखी उत्तरात स्पष्ट नोंदवावा, हा मार्ग सुरक्षित होय.

दोन महिन्यांतही पैसे जमले नाहीत, तर सारे संपले का? दिल्लीच्या कायद्याने येथे आणखी एक दार उघडे ठेवले आहे. मालकाने अर्ज केल्यावर भाडेनियंत्रक दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून पंधराव्या कलमाखाली हुकूम काढतो. भाडेकरूने सर्व थकबाकी हुकुमापासून एक महिन्याच्या आत द्यावी किंवा नियंत्रकाकडे जमा करावी आणि पुढील भाडे प्रत्येक महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरत राहावे, असा हा हुकूम असतो. त्याचे काटेकोर पालन केल्यास थकलेल्या भाड्याच्या कारणावरून घर खाली करण्याचा हुकूम होत नाही. मात्र ही सवलत एकदाच मिळते. ती एकदा घेतल्यानंतर पुन्हा लागोपाठ तीन महिन्यांचे भाडे थकविणाऱ्याला तिचा लाभ नाही. नोटिशीच्या दोन महिन्यांतच बाकी चुकविणाऱ्याची ही सवलत खर्ची पडत नाही. ती पुढच्या एखाद्या खऱ्या अडचणीसाठी शिल्लक राहते. शहाण्या माणसाने पहिल्याच पायरीवर प्रकरण मिटवावे, ते यासाठी.

नियंत्रकाच्या हुकुमाप्रमाणे पैसे भरले नाहीत, तर भाडेकरूचा बचाव काढून टाकण्याचा अधिकार नियंत्रकास आहे. म्हणजे आपली बाजू मांडण्याचा मार्गच बंद होतो. या अधिकारासंबंधीचे एक प्रकरण सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. दिल्लीतील एका नोकरी करणाऱ्या स्त्रीने भाड्याची रक्कम वेळोवेळी आपल्या वकिलाच्या स्वाधीन केली होती. वकिलाने ती ना मालकाला दिली, ना नियंत्रकाकडे जमा केली. तिचा बचाव काढून टाकण्यात आला आणि घर जाण्याची वेळ आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८० साली न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या निर्णयाने तिला न्याय मिळाला. बचाव काढून टाकणे हा नियंत्रकाचा विवेकाधिकार आहे, ती आपोआप होणारी गोष्ट नव्हे, आणि जिने आपल्या परीने पैसे दिले, तिला दुसऱ्याच्या कसुरीबद्दल बेघर करता येत नाही, असा त्याचा आशय होता. योग्य कारण असल्यास पैसे भरण्यातला उशीर माफ करण्याचा अधिकार नियंत्रकास आहे, हे १९८४ च्या निर्णयाने अधिक स्पष्ट झाले. परंतु या स्त्रीला न्यायासाठी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, हेही विसरता कामा नये. पैसे कोणाच्याही हाती द्यावेत, पण ते जमा झाल्याची पावती स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, हा या प्रकरणाचा दुसरा बोध आहे.

पावतीचा विषय निघालाच आहे, तेव्हा त्याचाही विचार केला पाहिजे. भाडे दिल्याबरोबर सहीची लेखी पावती मिळणे हा भाडेकरूचा हक्क आहे. ती देण्याची टाळाटाळ झाल्यास पैसे दिल्यापासून दोन महिन्यांच्या आत नियंत्रकाकडे अर्ज करता येतो. मालकाने भाडेकरूस दिलेल्या भाड्याच्या दुपटीपर्यंत नुकसानभरपाई द्यावी, असा हुकूम नियंत्रक करू शकतो आणि भाडे दिल्याचा दाखलाही देतो. आपल्याकडील संकोच असा की, ‘इतक्या वर्षांचे संबंध, पावती कशी मागायची?’ पण संबंध बिघडतात तेव्हा तोंडी गोष्टींची साक्ष कोणी देत नाही. बँकेमार्फत किंवा मोबाइलवरून पाठविलेल्या भाड्याची नोंद आपोआप राहते, ही आजची सोय आहे. मात्र रक्कम कोणत्या महिन्याच्या भाड्यापोटी आहे, हे पाठवितानाच लिहावे.

कधी कधी मालकाला भाडे नको असते, घरच हवे असते. अशा वेळी तो भाडे घेण्याचेच नाकारतो आणि मग थकबाकीची नोटीस देतो. यावर सत्ताविसाव्या कलमात उपाय आहे. मालक भाडे घेत नसेल, पावती देत नसेल किंवा मालकाच्या मृत्यूनंतर भाडे कोणत्या वारसाला द्यावे याविषयी खरीखुरी शंका असेल, तर भाडेकरू ते भाडे नियंत्रकाकडे जमा करू शकतो. भाडे देण्याची तारीख उलटल्यापासून एकवीस दिवसांच्या आत ते जमा झाले पाहिजे. म्हणजे जूनचे भाडे १५ जुलैला देय असेल, तर ५ ऑगस्टपर्यंत. अर्जात जाणूनबुजून खोटे विधान केल्यास ते पैसे भरले असे धरले जात नाही. मनीऑर्डर पाठविली आणि ती परत आली, एवढ्यावर स्वस्थ बसणे धोक्याचे आहे. मालक भाडे नाकारीत असताना भाडेकरूने या कलमाचा मार्ग धरलाच पाहिजे, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली घेतली आहे.

पैसे थकले म्हणून मालकाने नळ तोडणे, वीज बंद करणे किंवा जिन्यावरचा दिवा काढणे, हेही कायद्याला मान्य नाही. योग्य आणि पुरेशा कारणाशिवाय अशी आवश्यक सेवा बंद करण्यास पंचेचाळिसाव्या कलमाने मनाई केली आहे आणि चौकशी चालू असतानाच ती पूर्ववत करण्याचा हुकूम नियंत्रक देऊ शकतो. भाडे वसूल करण्याचा मार्ग कचेरीतून जातो, पाण्याच्या तोटीवरून नव्हे.

येथवर सांगितलेले सर्व संरक्षण ऐकून एखाद्या विद्यार्थ्याला किंवा नव्या नोकरदाराला मोठा धीर येईल. परंतु त्याने एक आकडा नीट पाहिला पाहिजे. १ डिसेंबर १९८८ पासून, दरमहा साडेतीन हजार रुपयांहून अधिक भाड्याच्या जागा या कायद्यातून वगळण्यात आल्या आहेत. त्या काळी हा आकडा श्रीमंती बंगल्यांचा होता. आज दिल्लीत एखादी बरसाती, म्हणजे गच्चीवरची एकच खोलीदेखील, या भाड्यात मिळणे कठीण आहे. आकडा मात्र आहे तेथेच आहे. शिवाय हा कायदा साऱ्या दिल्लीला लागू नाही. नवी दिल्ली नगरपालिकेची हद्द, छावणी आणि महानगरपालिकेतील अनुसूचित अथवा अधिसूचित शहरी भाग यांच्यापुरताच तो आहे. परिणाम असा की, संरक्षण आहे ते मुख्यतः जुन्या भाडेकरूंना. नव्याने आलेला, ज्याला त्याची खरी निकड आहे, तो बहुधा त्याच्या बाहेरच राहतो.

मग अशा भाडेकरूला हक्कच नाहीत का? आहेत, पण ते निराळ्या आणि अधिक पातळ धाग्यांचे आहेत. त्याचा आधार म्हणजे त्याचा करार आणि १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी करावी लागते. अकरा महिन्यांच्या कराराची सर्वत्र रूढ झालेली प्रथा त्यामुळेच पडली आहे. महिन्या-महिन्याच्या भाडेकरूला काढायचे असल्यास पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ती संपल्यावरही मालकाला दिवाणी न्यायालयात दावाच लावावा लागतो. करारातील अटीप्रमाणे भाडे थकले म्हणून भाडेपट्टा संपुष्टात आणला असेल, तर दाव्याच्या सुनावणीच्या वेळी थकबाकी, व्याज आणि दाव्याचा सर्व खर्च देणाऱ्या भाडेकरूला तो भाडेपट्टा पुन्हा चालू करून देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. मालकाने परस्पर कुलूप ठोकून भाडेकरूला बाहेर काढले, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या सहाव्या कलमाखाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळविता येतो. तात्पर्य, साडेतीन हजारांच्या रेषेपलीकडे गेलेला माणूस कायद्याच्या पलीकडे जात नाही. मात्र तेथे करार हेच चिलखत असते, आणि म्हणून तो वाचल्याशिवाय सही करू नये.

यमुनेपलीकडे नोएडा किंवा गाझियाबाद येथे, अथवा गुडगाव-फरिदाबादकडे राहणाऱ्यांनी तर दिल्लीच्या कायद्याचा आधार मुळीच घेऊ नये. नोएडा आणि गाझियाबाद उत्तर प्रदेशात आहेत आणि तेथे २०२१ चा नवा कायदा आहे. हरियाणाचा स्वतःचा कायदा १९७३ चा आहे. नोकरी एका राज्यात आणि बिऱ्हाड दुसऱ्या राज्यात असले, तर घर ज्या मातीवर उभे आहे, तिचाच कायदा लागू होतो.

महाराष्ट्रातून आलेल्यांच्या मनात आणखी एक गोंधळ असतो. मुंबईत पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ सालीच, भाडे मर्यादित करणारा कायदा झाला होता. पुढे १९४७ चा मुंबईचा कायदा आणि त्याच्या जागी १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला. तो ३१ मार्च २००० पासून अंमलात आहे. त्यात थकबाकीच्या नोटिशीनंतर नव्वद दिवस थांबल्याशिवाय मालकाला ताब्याचा दावा लावता येत नाही. दावा लावल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत व्याजासह पैसे भरण्याची संधी आहे. गावाकडच्या एखाद्या जाणत्या नातेवाइकाने ‘तीन महिने तर आहेत’ असे फोनवर सांगितले आणि दिल्लीतला भाडेकरू त्यावर विसंबून राहिला, तर त्याचे दोन महिने केव्हाच संपून गेलेले असतील.

या प्रश्नाला मालकाचीही बाजू आहे, हे सांगितल्याशिवाय विषय पुरा होत नाही. प्रत्येक घरमालक धनाढ्य नसतो. पतीच्या मागे राहिलेल्या एका मजल्याच्या भाड्यावर घर चालविणारी वृद्ध स्त्रीही घरमालकच असते. कायद्याने नियंत्रित भाड्यात दर तीन वर्षांनी शेकडा दहा वाढ करण्याची मुभा १९८८ साली मालकाला दिली. त्या वर्षी शंभर रुपये असलेले भाडे या दराने बारा वेळा, म्हणजे छत्तीस वर्षे, वाढवीत नेले तरी ते तीनशे चौदा रुपयांच्या आसपासच पोचते. एवढ्या रकमेत गळका छज्जाही दुरुस्त होत नाही. अशा मालकाचे जे थोडके भाडे, तेही सहा-सहा महिने अडविणे याला हक्क म्हणता येणार नाही. कायद्याने भाडेकरूला दिलेली दोन महिन्यांची सवड अडचणीतल्या माणसासाठी आहे. अडवणूक करणाऱ्यासाठी ती नाही.

म्हणून नोटीस आली, तर करावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. पाकीट घ्यावे आणि ते मिळाल्याची तारीख त्यावरच लिहून ठेवावी. दोन महिने केव्हा संपतात, ते दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावे. पावत्या आणि बँकेच्या नोंदी पुढे घेऊन हिशोब मांडावा. देणे निघेल ते व्याजासह, नोंद राहील अशा मार्गाने, शेवटच्या दिवसाची वाट न पाहता द्यावे. मालक घेत नसेल, तर नियंत्रकाकडे जमा करावे. नोटिशीला लेखी उत्तर द्यावे. वकील करण्याची ऐपत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, अपंगांना, कामगारांना आणि ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्न असलेल्यांना तेथे विनामूल्य साहाय्य मिळते. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावर त्याची माहिती दिली जाते.

१९५८ चा कायदा झाला, तेव्हा दिल्लीत हजारो कुटुंबे एकदा उखडली जाऊन नव्याने रुजू पाहत होती. दुसऱ्यांदा त्यांना उखडायचे, तर त्याआधी निदान विचारावे, अवधी द्यावा आणि ऐकून घ्यावे, एवढी त्या कायद्याची माणुसकी आहे. नोटीस म्हणजे ते विचारणे होय. त्या प्रश्नाला वेळेवर आणि पावतीनिशी उत्तर देणाऱ्या भाडेकरूचे बिऱ्हाड केवळ थकलेल्या भाड्यापायी रस्त्यावर येत नाही.